दोन अब्ज चौदा कोटी, आणि त्यापुढे

काही माणसांशी आपली ओळख अशी होते की पहिल्या भेटीत भांडण, दुसऱ्या भेटीत दोस्ती आणि तिसऱ्या भेटीत ते आपल्याला चांगलाच धडा शिकवून जातात. माझ्या बाबतीत हे एका संख्येने केलं. तिचं नाव २,१४,७४,८३,६४७. मोठ्याने वाचायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. (एका दमात वाचून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक कप चहा.)

गोष्ट २०१४-१५ सालची. मी इथे अमेरिकेत पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय प्रकाशाचा. त्वचेवर प्रकाश टाकला की तो आत शिरतो, पेशींवर आपटतो, दिशा बदलतो, पुन्हा आपटतो, आणि त्यातला थोडा कुठूनतरी बाहेर येतो. बाहेर आलेल्या प्रकाशावरून आत काय आहे ते ओळखायचं. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात ना, त्याच घराण्यातलं काम.

आता एकेका प्रकाशकणाचा, म्हणजे फोटॉनचा, प्रवास कागदावर सोडवता येत नाही. मग काय करायचं? कॉम्प्युटरमध्ये खोटे फोटॉन सोडायचे. प्रत्येक टकरीच्या वेळी फासे टाकायचे: पुढची टक्कर किती अंतरावर, कुठल्या दिशेला, किती कोनात. असे कोट्यवधी फोटॉन सोडले की सरासरी चित्र तयार होतं. या पद्धतीला माँटे कार्लो म्हणतात. जुगाराच्या गावाचं नाव शास्त्राला दिलं तरी कुणी हरकत घेत नाही, हे आमच्या क्षेत्राचं भाग्य.

आमच्या प्रयोगशाळेत यासाठी एक जुना प्रोग्राम होता. कुणीतरी लिहिला, पुढच्याने वाढवला, त्याच्या पुढच्याने न वाचताच वापरला. माझ्याकडे तो वारसाहक्काने आला, आणि मीही घराण्याची परंपरा राखली.

त्या डिसेंबरात मी पहिल्यांदा वीस कोटी फोटॉन सोडले. एका फोटॉनला सरासरी तेरा टकरा. म्हणजे एकूण टकरा साधारण २६० कोटी यायला हव्यात. सकाळी येऊन पाहतो तर एकूण टकरा: वजा १६९ कोटी!

वजा टकरा म्हणजे काय? फोटॉन पेशीवर आपटायचा होता तो आपटला नाही, उलट आधीची एक टक्कर परत घेऊन गेला?

कारण मात्र अर्ध्या तासात सापडलं, कारण त्याच आठवड्यात ते सगळ्या जगाला कळलं होतं. 'गंगनम स्टाइल' नावाचं कोरियन गाणं यूट्यूबवर इतक्या वेळा पाहिलं गेलं की त्याने २,१४,७४,८३,६४७ ही हद्द ओलांडली, आणि मोजणीची जागा वाढवावी लागल्याचं यूट्यूबने १ डिसेंबर २०१४ला गमतीने जाहीर केलं. एक गायक आणि एक पीएचडीचा विद्यार्थी एकाच आठवड्यात एकाच दगडाला ठेचकाळले. त्याला पैसे मिळाले, मला नाही. असो.

ही हद्द आली कुठून? बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत जायचं. पहिल्या ३१ घरांतले सगळे दाणे एकत्र केले तर किती होतात? बरोबर २,१४,७४,८३,६४७. गणिताच्या भाषेत दोनचा ३१वा घात वजा एक. आणि गंमत म्हणजे ३२व्या घरात, म्हणजे अर्ध्या पटाच्या शेवटच्या घरात, या सगळ्यांपेक्षा फक्त एक दाणा जास्त असतो.

कॉम्प्युटर पूर्णांक साठवायला बरेचदा अशीच ३२ घरं वापरतो. पहिली ३१ संख्येसाठी आणि ३२वं अधिक की वजा ते सांगायला. ३१ घरं गच्च भरल्यावर आणखी एक मिळवा. सगळी घरं रिकामी होतात आणि हातचा जाऊन ३२व्या घरात बसतो. म्हणजे चिन्हाच्या खुर्चीवर! कॉम्प्युटरला वाटतं, संख्या ऋण आहे. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा, तसा हा मीटर वजा २,१४,७४,८३,६४८ वर येतो.

मी मोजणीला ३२ऐवजी ६४ घरं दिली. पाच मिनिटांचं काम. टकरा सरळ २६० कोटी दाखवू लागल्या. वीस कोटी फोटॉनांमुळे आलेखावरचे अनिश्चिततेचे पट्टे इतके बारीक झाले की प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यावर उभं राहिलं. दोन प्रकारच्या त्वचेतला एक बारीकसा फरक आता स्पष्ट दिसत होता. परिषदेला सारांश पाठवला. एप्रिलच्या शेवटी व्हायवा ठरला. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं, त्याचं तिकीटही काढलं.

इथवर झालं भांडण. आता दोस्ती.

माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना दोन छंद उरले: घरातली गळकी नळं दुरुस्त करणं आणि मला स्काईपवर गणितं घालणं. त्यांना मी या संख्येचा किस्सा सांगितला, तर ते म्हणाले, "अरे, ती तर ऑयलरची संख्या. मूळ संख्या आहे ती." आणि मग मी वाचत गेलो.

दोनचा घात वजा एक, अशा रूपातल्या मूळ संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून. ३, ७, ३१, १२७ या त्यातल्या धाकट्या. पण घात मूळ संख्या असला म्हणजे उत्तर मूळ येतंच असं नाही. दोनचा ११वा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ते आहे २३ गुणिले ८९. मर्सेनने १६४४ साली जी यादी दिली तीतही चुका निघाल्या. ३१ मात्र तिच्यात होता, आणि तो बरोबर निघाला.

सिद्ध केलं ऑयलरने, १७७२ सालच्या एका पत्रात. त्या सुमारास त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. आपली संख्या मूळ आहे हे पाहायला ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायला हवा. अशा संख्या चार हजार सातशेहून जास्त आहेत. ऑयलरने आधी विचार केला. या संख्येला विभाजक असलाच, तर त्याला ६२ने भागल्यावर बाकी एक उरली पाहिजे, आणि ८ने भागल्यावर एक किंवा सात. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक २४८च्या पटीत एक मिळवून किंवा २४८च्या पटीत ६३ मिळवूनच येऊ शकतो. ४६,३४० पर्यंत असे उमेदवार उरतात फक्त ३७३, आणि त्यातलेही कित्येक स्वतःच मूळ नाहीत म्हणून गळतात. उरलेल्यांपैकी एकानेही भाग जात नाही. संपलं! अण्णा म्हणायचे, हुशार माणूस जास्त भागाकार करत नाही, कुठले करायचे नाहीत ते आधी ठरवतो.

या संख्येला दोनच्या ३०व्या घाताने गुणलं की येते २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. ही परिपूर्ण संख्या. म्हणजे जसे ६चे विभाजक १, २, ३ यांची बेरीज ६च होते, तशी हिच्याही विभाजकांची बेरीज (ती स्वतः सोडून) तीच येते. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली लिहून ठेवलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्याच मजेशीर आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा कोण कशाला शोधत बसेल? बिचारा! १८७६ साली ल्युकाने दोनचा १२७वा घात वजा एक ही मूळ असल्याचं सिद्ध केलं, म्हणजे तिच्याबरोबर कितीतरी मोठी परिपूर्ण संख्याही आली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन संख्या ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे. माणसाला निरुपयोगी गोष्टीची किती हौस असते, याचा बार्लोला अंदाज नव्हता.

आता तिसरी भेट.

२१ मार्च २०१५, गुढीपाडवा. तिकडे शनिवारची सकाळ, इकडे शुक्रवारची रात्र. आईने गुढी स्काईपवर दाखवली, श्रीखंडही दाखवलं (हा छळ आहे हे तिला मान्य नाही). मग अण्णा खुर्ची ओढून बसले.

मी उत्साहात होतो. म्हटलं, "अण्णा, तुमची ती संख्या माझ्या प्रोग्राममध्ये आणखी एका ठिकाणी सापडली. फासे टाकणाऱ्या भागात!"

खरं तर कॉम्प्युटरला फासे टाकता येत नाहीत. तो एक संख्या घेतो, तिला काहीतरी ठरावीक करतो, आणि जी येईल ती 'रँडम' म्हणून खपवतो. आमच्या प्रोग्रामचा नियम साधा होता: आत्ताच्या संख्येला १६,८०७ ने गुणा, गुणाकाराला २,१४,७४,८३,६४७ ने भागा, बाकी उरेल ती पुढची संख्या. लेहमर या गणितज्ञाच्या कल्पनेवर बेतलेला हा नियम १९६९ साली या आकड्यांसह पुढे आला आणि पुढे बरीच वर्षं जगभर वापरला गेला. १६,८०७ म्हणजे सातचा पाचवा घात.

"हे छोट्या संख्येवर करून दाखव," अण्णा म्हणाले. शिक्षक शेवटी.

मी म्हटलं, "भाजक सात घ्या, आणि तीनने गुणत चला. एकपासून सुरुवात."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. एक. तीन. तीन त्रिक नऊ, बाकी दोन. दोन त्रिक सहा. सहा त्रिक अठरा, बाकी चार. चार त्रिक बारा, बाकी पाच. १, ३, २, ६, ४, ५. एक ते सहा सगळ्या संख्या एकेकदा, आणि क्रम विस्कटलेला.

"आता तीनऐवजी दोनने गुणा," मी म्हटलं. १, २, ४ आणि पुन्हा १. निम्म्या संख्या आल्याच नाहीत. "म्हणजे गुणक नीट निवडावा लागतो. १६,८०७ तसा निवडलेला आहे. एकापासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येते. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. आणि भाजक मूळ संख्या आहे म्हणूनच हे जमतं. तुमच्या ऑयलरची कृपा!"

अण्णा कागदाकडे बघत होते. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ते सगळं ठीक," ते म्हणाले. "पाच त्रिक पंधरा, बाकी एक. म्हणजे सगळ्या येऊन गेल्या की परत पहिल्यापासून. मग तुझ्या त्या दोन अब्ज चौदा कोटी संपल्यावर काय होतं रे?"

मी म्हटलं, "तेच. परत पहिल्यापासून."

"आणि तुला लागतात किती?"

मला उत्तर तोंडपाठ होतं. फोटॉनमागे सुमारे चाळीस संख्या, वीस कोटी फोटॉन. म्हणजे आठशे कोटी. पण ते तोंडातून बाहेर येईना. आई मागून विचारत होती, स्क्रीन अडकली का म्हणून.

फासे दोनशे चौदा कोटींचे, आणि मी टाकले आठशे कोटी. म्हणजे तीच रांग जवळजवळ चार वेळा. माझे वीस कोटी फोटॉन वीस कोटी नव्हतेच. ते होते पाच कोटी आणि थोडे, तेच तेच, पुन्हा पुन्हा. दुसरी फेरी सुरू होताना फोटॉन रांगेत थोडा मागेपुढे उभा असेल, तर निदान वेगळा प्रवास होईल अशी आशा वाटली. त्या रात्री प्रयोगशाळेत जाऊन छापून पाहिलं. थोडेच फोटॉन वेगळे गेले, मग एकाचा शेवट जुन्या एकाच्या शेवटाशी जुळला, आणि तिथून पुढे सगळे जुनेच चेहरे. तीच अंतरं, तेच कोन. वर्गात चाळीस पोरांची हजेरी चार वेळा घेऊन मी पट एकशेसाठ दाखवत होतो.

याचा परिणाम सरासरीवर फारसा होत नाही, आणि म्हणूनच हे भयंकर. काही वजा येत नाही, काही फुटत नाही. फक्त अनिश्चितता खोटी कमी दिसते. चौपट माणसं विचारली की चूक निम्मी होते. मी चौपट विचारली नव्हती, एकालाच चार वेळा विचारलं होतं. माझे पट्टे असायला हवेत त्याच्या जवळजवळ निम्मे होते. खरे पट्टे काढले तर चौथ्या प्रकरणातला तो बारीकसा फरक त्यात बुडून जात होता.

खरं सांगतो, शनिवार-रविवार मी कुणाला काही बोललो नाही. प्रबंध तपासणाऱ्या पाच जणांपैकी एकही जण हे शोधून काढणार नव्हता. आठशे कोटी संख्या कोण मोजतं? तिकीट ड्रॉवरमध्ये होतं. बहिणीने व्हॉट्सअॅपवर शालूचे फोटो पाठवले होते आणि कुठला रंग ते विचारलं होतं. मी "दोन्ही छान" असं लिहिलं, जे कुठल्याही भावाने लिहू नये.

पण एक माणूस होता ज्याला माहीत होतं. त्याने मला दोष दिला नव्हता, फक्त किती लागतात ते विचारलं होतं. पुढच्या शनिवारी तो पुन्हा खुर्ची ओढून बसणार होता.

सोमवारी सकाळी प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, सातचं उदाहरण फळ्यावर करायला लावलं, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले की परिषदेचा सारांश मागे घेऊ, सगळं परत चालवू, व्हायवा ऑगस्टमध्ये. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ऑगस्टपर्यंत थांबायचं म्हणजे उन्हाळ्यात शिकवणीचं काम घेऊन फी आणि भाडं काढायचं. तिकीट रद्द केलं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं केलंस." मग थोडं थांबून, "तुझी आई आहे इथे, तिच्याशी बोल." मागून आईचा आवाज आला, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्याला गणितं विचारायला?"

लग्नाचा मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा होता, इथल्या रात्रीच्या पावणेदोनचा. मामेभावाने फोन उंच धरला होता. मंगलाष्टकं दोनदा तुटली. अक्षता पडल्या त्या क्षणी पडद्यावर मांडवाचं छत होतं.

नवीन फासे बसवले ते 'मर्सेन ट्विस्टर' नावाचे. १९९८ साली मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेले. त्यांची रांग परत पहिल्यापासून सुरू व्हायला दोनचा १९,९३७वा घात वजा एक इतक्या संख्या लागतात. ही संख्या ६,००२ अंकी आहे, आणि हो, तीही मर्सेनची मूळ संख्याच! बार्लोला कळवायला हवं होतं.

गणितं चालू असतानाच, मे महिन्यात, बातमी वाचली. बोइंग ७८७ विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू ठेवली, तर जनित्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एक मोजक भरून वाहील आणि विमानातली वीज जाऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने दिला होता. मी कागद ओढला. सेकंदाचा शंभरावा भाग मोजत गेलं तर दोनच्या ३१व्या घाताला किती दिवसांत पोचू? २४८ आणि वर साधारण अर्धा. ऑयलरचे विभाजकही २४८च्याच पटीत होते. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. तरी अण्णांना तेवढ्यासाठी फोन केला.

ऑगस्टमध्ये व्हायवा झाला. चौथ्या प्रकरणाचा दावा आता इतकाच होता की असा फरक असलाच, तर तो आमच्या पद्धतीला दिसण्याइतका मोठा नाही. प्रकरण पंधरा पानांचं होतं ते नऊ पानांचं झालं. परिशिष्टात फाशांची गोष्ट सगळी लिहिली. काही वर्षांनी दुसऱ्या एका विद्यापीठातल्या मुलीचं पत्र आलं. तिच्याकडेही तोच वारसाहक्काचा प्रोग्राम होता, आणि परिशिष्ट वाचून तिने आपल्या संख्या मोजल्या होत्या. प्रबंधाबद्दल मला आलेलं ते एकुलतं एक पत्र.

डिसेंबरात घरी गेलो. बहीण आणि मेव्हणे जेवायला आले होते. बहिणीने लग्नाचा अल्बम माझ्या मांडीवर ठेवला आणि प्रत्येक पान उलटताना "इथे तू नाहीस" असं सांगत गेली, शेवटच्या पानापर्यंत. ते ऐकून घेणं भागच होतं.

रात्री टेबलावर अण्णांची वही दिसली. त्यांनी भाजक ३१ घेतला होता आणि गुणक तीन. १, ३, ९, २७, १९, २६, १६... अशा ओळीने तीसच्या तीस संख्या, शिक्षकी अक्षरात, प्रत्येक आल्यावर समासातल्या यादीत टिंब केलेलं. २१ नंतर पुन्हा १ आला होता, आणि त्याच्याभोवती लाल पेनाने गोल.

तुम्हीही करून बघा. भाजक ११ घ्या, आधी दोनने गुणत जा, मग तीनने. एकदा सगळ्या येतील, एकदा निम्म्याच. शाळेत जाणारं पोर घरात असेल तर त्याला शेजारी बसवा.

आणि आणखी एक. कित्येक जुनी यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून, याच ३१ घरांत. ती घरं भरतील १९ जानेवारी २०३८ला, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. बहुतेक ठिकाणी घरं वाढवून झाली आहेत, काही ठिकाणी व्हायची आहेत. त्या सकाळी मी अण्णांना फोन करणार आहे. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे असतील, आणि फोन उचलल्याबरोबर विचारतील, "पुढे काय झालं रे?"